बंदूक बसवायची कुठे

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने दिल्लीला जाणं झालं, काम अकरालाच उरकलं आणि परतीचं विमान रात्री साडेआठचं, मग रिक्षा केली आणि थेट पालमचं एअर फोर्स म्युझियम गाठलं. आधी दोनदा गेलोय पण दोन्ही वेळा घरची मंडळी सोबत, त्यामुळे फोटो काढा, पाणी प्या, चला पुढे. या वेळी एकटा होतो. तिथे हरिकेन आणि स्पिटफायर ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लढाऊ विमानं एकाच छताखाली आहेत, आणि मी दोरीच्या अलीकडून जमेल तेवढं वाकून एकच गोष्ट बघत राहिलो, दोघांच्या पंखांची पुढची कड.

हरिकेनचा पंख मुळाशी चांगला जाडजूड, पुरण जास्त भरलेल्या पोळीसारखा. स्पिटफायरचा पंख म्हणजे मांडा. आता गंमत अशी की १९४० साली दोघांनाही बंदुका आठच होत्या, त्याच ब्राउनिंग मशीनगन, त्याच थ्री-नॉट-थ्रीच्या गोळ्या, जी गोळी आपल्याकडे पोलिसांच्या जुन्या रायफलीमुळे सगळ्यांना नावाने तरी माहीत असते. पण हरिकेनच्या जाड पंखात एका बाजूच्या चारही बंदुका खेटून बसल्या, शाळेतल्या एका बाकावर चार पोरं बसावीत तशा. स्पिटफायरच्या पातळ पंखात तसं बसवायला जागाच नाही, त्यामुळे तिथे बंदुका विखरून, जिथे मावेल तिथे, शेवटची तर पार टोकाकडे गेलेली. कागदावर बघाल तर दोन्ही सारखीच, आठ बंदुका. आकाशात मात्र हरिकेनची गोळ्यांची मूठ घट्ट आणि स्पिटफायरची सैल, शिवाय टोकाकडचा पंख वळताना थोडा वाकतो आणि तिथली बंदूकही त्याच्याबरोबर हलते. दोन्ही विमानं चालवलेले वैमानिक हरिकेनला जास्त स्थिर म्हणायचे, बंदुका मारायला चांगलं म्हणायचे, त्याचं मोठं कारण हा पंख.

हे लिहायचं कारण म्हणजे ऑनलाइन चर्चांमध्ये नेहमी मोजदाद चालते, याला सहा बंदुका, त्याला आठ, याची वीस मिलिमीटर आणि त्याची तीस, म्हणजे हे भारी. मलाही कॉलेजात असताना असंच वाटायचं. पण जितकं वाचत गेलो तितकं पटत गेलं की बंदूक किती मोठी यापेक्षा ती विमानात कुठे बसवलीय हे आधी बघायला पाहिजे, कारण जागा ठरली की नेम कसा लागणार, गोळ्या किती मावणार, अडकली तर काय होणार, हे सगळं त्या जागेवरूनच ठरतं, आणि एकही जागा फुकट मिळत नाही.

सगळ्यात साधी जागा कुठली, तर वैमानिकाच्या नाकासमोर. तो जिकडे बघतो तिकडे विमान वळवायचं आणि चाप ओढायचा. अडचण एकच, तिथे प्रोपेलर फिरतोय. पहिल्या महायुद्धात रोलाँ गारोस नावाच्या फ्रेंच वैमानिकाने प्रोपेलरच्या पात्यांना लोखंडी पाचर बसवून घेतली, म्हणजे जी गोळी पात्यावर आदळेल ती पाचरीवरून बाजूला उडेल, बाकीच्या पुढे जातील. एप्रिल १९१५ मध्ये त्याने तीन जर्मन विमानं अशी पाडली आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेला त्याला जर्मन हद्दीत उतरावं लागलं, विमान शत्रूच्या हातात गेलं. ज्या टेनिस स्टेडियमवर फ्रेंच ओपन होते ते याच माणसाच्या नावाचं. मग अँथनी फोकरच्या कारखान्याने याहून शहाणा उपाय काढला, बंदुकीला इंजिनशीच जोडून टाकली, पातं समोरून सरकलं की मगच इंजिनकडून बंदुकीला इशारा मिळणार. याला सिंक्रोनायझर म्हणतात. १९१५ च्या उन्हाळ्यात ही फोकर विमानं आली आणि काही महिने ब्रिटिश-फ्रेंच वैमानिकांची दाणादाण उडाली.

मग पुढे सगळ्यांनी तेच का नाही चालू ठेवलं? बऱ्याच जणांनी ठेवलं, जर्मनांनी, रशियनांनी, जपान्यांनी दुसऱ्या महायुद्धातही नाकावर सिंक्रोनाइझ केलेल्या मशीनगन ठेवल्याच. पण एक तर पात्याची वाट बघत गोळी सोडायची म्हणजे वेग कमी होतो, आणि दुसरं म्हणजे इंजिनाच्या वर फार तर दोन बंदुका मावतात, आठ नाही. ब्रिटिशांच्या बाबतीत अजून एक बारीक कारण आहे जे मला फार आवडतं. अमेरिकन ब्राउनिंग बंदूक मुळात अशी की मारणं थांबवलं तरी पुढची गोळी नळीत भरून तयार. पण ब्रिटिश काडतुसात कॉर्डाइट नावाची दारू, आणि तापलेल्या नळीत कॉर्डाइटची गोळी नुसती बसून राहिली तर आपोआप उडायची भीती. म्हणून त्यांनी बंदुकीत बदल केला, मारणं थांबलं की बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा भाग, मागे, नळी रिकामी, हवा खेळती. सुरक्षित झालं, पण आता चाप ओढल्यावर आधी बोल्ट पुढे जाणार, गोळी भरणार, मग ती उडणार, आणि एवढ्या वेळात पातं कुठे असेल याचा भरवसा नाही. म्हणजे ही बंदूक प्रोपेलरमागे बसवायची सोयच राहिली नाही. काडतुसातल्या दारूमुळे बंदुका पंखात गेल्या.

आणि आठच का? १९३४ मध्ये ब्रिटिश हवाई मंत्रालयात यावर डोकेफोड चालू होती. विमानांचा वेग असा वाढत होता की शत्रू नेमात दोन सेकंद राहिला तरी खूप, त्या दोन सेकंदात त्याला पाडेल एवढं शिसं त्याच्यावर पडलं पाहिजे. कॅप्टन फ्रेड हिल म्हणून अधिकारी होते, त्यांनी ही आकडेमोड घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली आणि मदतीला घेतलं आपल्या १३ वर्षांच्या मुलीला, हेझलला, कारण तिचं गणित चांगलं होतं. बापलेकींचं उत्तर आलं, आठ बंदुका, प्रत्येकीचा वेग मिनिटाला किमान हजार. तोवर लोकांना चारसुद्धा पुष्कळ वाटत होत्या. हिशोब आपणही करून बघू शकतो, आठ गुणिले हजार, भागिले साठ, गुणिले दोन, म्हणजे दोन सेकंदात साधारण २६६ गोळ्या. मला दर वेळी ते टेबल डोळ्यासमोर येतं, आलेखाचे कागद पसरलेले आणि समोर सातवी-आठवीतली पोरगी.

पण बंदुका पंखात गेल्या की नवीनच दुखणी सुरू होतात. पहिलं दुखणं भूमितीचं. समजा पायलटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरवर बंदुका आहेत आणि तुम्ही त्या किंचित आत वळवून २५० यार्डांवर एकत्र येतील अशा लावल्या. शत्रू बरोबर २५० वर असेल तर दोन्हीकडच्या गोळ्या एकाच जागी, कापून काढणार. तो १२५ वर असेल तर गोळ्यांच्या दोन धारा अजून त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटरवर, तुम्ही बरोबर धडाचा नेम धरलाय आणि धडाला काहीच लागत नाही, लागलं तर पंखांना. तो ५०० वर असेल तर धारा एकमेकींना ओलांडून परत दोन-दोन मीटर फाकल्या. म्हणजे पंखातल्या बंदुकीसाठी आकाशात एकच चांगली जागा असते आणि शत्रू त्या जागेवर येईल असं विमान नेऊन ठेवायचं हे पायलटचं काम. युद्धाच्या सुरुवातीला सरकारी अंतर होतं ४०० यार्ड, आणि गोळ्या थोड्या पसरवून, हेतू असा की साधारण नेमबाजालाही काहीतरी लागेल. प्रत्यक्षात होत असं होतं की भरपूर गोळ्या लागूनही जर्मन बॉम्बर घरी पोचत होते. सेलर मलानसारख्या जाणत्या वैमानिकांनी बंदुका २५० यार्डांवर आणून ठेवल्या आणि जवळ जा, मग मारा, हा धडा रूढ झाला.

ही जुळवणी करायची पद्धत बघण्यासारखी होती. विमानाची शेपटी घोडीवर उचलून ते उडताना जसं आडवं असतं तसं करायचं, समोर ठरलेल्या अंतरावर खुणांचा फळा, आणि आर्मरर, म्हणजे बंदुका सांभाळणारा माणूस, एकेका बंदुकीच्या नळीतून बघत स्क्रू पिळून ती फळ्यावरच्या तिच्या खुणेवर आणणार. आठ बंदुका, आठ खुणा. ज्यांचं नाव कुठे येत नाही अशा त्या पोरांच्या हातावर पायलटचा नेम अवलंबून.

दुसरं दुखणं थंडीचं. इंजिनाजवळची बंदूक ऊबेत असते, पंखातली उघड्यावर. १९३७ च्या मार्चमध्ये स्पिटफायरच्या पहिल्याच नमुन्याची उंचावर चाचणी झाली तेव्हा बंदुका गोठून बंद पडल्या, आणि उतरताना चाकं जमिनीला टेकली त्या धक्क्याने तीन बंदुकांतून एकेक गोळी आपोआप सुटली. नंतर रेडिएटरची गरम हवा नळ्यांतून पंखात फिरवली, आणि बंदुकांच्या तोंडावर लाल कापडाच्या पट्ट्या चिकटवायला लागले, ओल आणि बर्फ आत जाऊ नये म्हणून. स्पिटफायरच्या चित्रात पंखाच्या कडेला जे लाल चौकोन दिसतात ते हेच. पहिली गोळी पट्टी फाडून जाते. विमान परत येताना खालची माणसं आधी पट्ट्या बघायची, फाटल्या असतील तर वर झटापट झाली. शिवाय उघड्या भोकांमधून वाऱ्याची शीळ वाजायची, त्यामुळे कानालाही कळायचं. आणि गोळ्या किती, तर प्रत्येक बंदुकीला ३००. मिनिटाला साडेअकराशेच्या वेगाने जेमतेम पंधरा सेकंद. पूर्ण फेरीची लढाई त्या पंधरा सेकंदांत.

तिसरं दुखणं जागेचं, आणि इथे स्पिटफायरचा मांडा पंख परत आडवा आला. थ्री-नॉट-थ्री कमी पडतेय हे कळत होतं, म्हणून १९४० च्या उन्हाळ्यात १९ स्क्वाड्रन या ब्रिटिश हवाई तुकडीला वीस मिलिमीटरची हिस्पानो तोफ लावलेली स्पिटफायर दिली, दोन तोफा, प्रत्येकीला ६० गोळ्यांचा डबा. तो गोल डबा तोफेच्या डोक्यावर बसतो, आणि पंखात तेवढी उंचीच नाही. मग तोफ कुशीवर झोपवली. कुशीवर झोपलेल्या तोफेतून रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजी अडकायची, त्यात पंख वाकला की अजून अडकायची, आणि एका बाजूची तोफ अडकली की दुसऱ्या बाजूचीच धक्का देत राहणार, विमानाचं नाक तिकडे वळणार आणि नेम गेला. बॅटल ऑफ ब्रिटन, म्हणजे ब्रिटनवरच्या आकाशातली लढाई, ऐन भरात असताना वैतागून त्या स्क्वाड्रनने सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्या तोफा परत करून जुन्या आठ मशीनगनची विमानं मागून घेतली. कागदावर जास्त ताकदीचं हत्यार होतं, पण कुशीवर झोपवलेलं. नंतर तोफ सरळ उभी बसवली, पंखावर फुगवटा काढला, डब्याऐवजी पट्टा आला, आणि तीच हिस्पानो पुढे इतकी भरवशाची झाली की युद्धाच्या शेवटी ब्रिटिश फायटर म्हणजे हिस्पानो असंच समीकरण झालं. १९४७-४८ मध्ये काश्मीरमध्ये लढलेल्या आपल्या टेंपेस्ट विमानांवरही याच चार. अमेरिकन मस्टँग फायटरच्या सुरुवातीच्या बी मॉडेललाही हेच झालं, पातळ पंखात पॉइंट फिफ्टीच्या, म्हणजे अर्धा इंची गोळीच्या, चार बंदुका तिरक्या झोपवलेल्या, जोरात वळलं की गोळ्यांचा पट्टा मुडपून अडकायचा, डी मॉडेलला सहा बंदुका उभ्या केल्या तेव्हा कुठे सुटका झाली.

जर्मनांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मेसरश्मिट १०९ या फायटरचं इंजिन व्ही आकाराचं पण उलटं टांगलेलं, आणि गिअरमुळे प्रोपेलरचा दांडा सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या पोकळीच्या रेषेत येतो. तो दांडा पोकळ ठेवला की तोफेची नळी त्यातूनच बाहेर काढता येते, प्रोपेलरच्या बरोबर नाकातून, ना सिंक्रोनायझर ना पंख. तोफेचं मागचं धूड पायलटच्या दोन पायांच्या मध्ये येतं, तिथे कव्हर घातलेलं असतं. कल्पना जुनी, १९१७ मध्ये फ्रेंच वैमानिक गिन्मेर अशाच एका स्पॅड विमानात ३७ मिलिमीटरची तोफ घेऊन उडायचा, एकेक गोळी हाताने भरून, कॉकपिटमध्ये धूर भरायचा. १०९ च्या एफ मॉडेलमध्ये ही व्यवस्था नीट बसली आणि पंखातल्या तोफा काढून टाकल्या, नाकात एक तोफ आणि वर दोन मशीनगन, बस्स. यावर त्यांच्या नावाजलेल्या वैमानिकांतच दोन तट होते. मोल्डर्सचं म्हणणं, बरोबर मधोमध एक तोफ हीच चांगली, विमानही हलकं. गॅलंडचं म्हणणं, हे माझ्यासारख्या नेमबाजाला ठीक, नवीन पोरांना जास्त नळ्या द्या. मला वाटतं दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, चांगल्या नेमबाजाला एकच घट्ट धार पुरते आणि नवख्याला फवारा लागतो.

पुढे अमेरिकन बी-१७ बॉम्बर आले आणि जर्मनांचा हिशोब कोसळला, वीस मिलिमीटरचे सरासरी वीसेक फटके लागल्याशिवाय ते विमान पडेना, तीस मिलिमीटरचे तीन-चार पुरायचे. म्हणून १०९ च्या पंखाखाली दोन जादा तोफा टांगल्या. बॉम्बर पडायला लागले, पण टांगलेल्या तोफांच्या वजनाने आणि वाऱ्याच्या ओढीने १०९ जड झालं आणि बॉम्बरबरोबर आलेल्या मस्टँगच्या तावडीत अलगद सापडायला लागलं.

अमेरिकनांचं पी-३८ लाइटनिंग मला या बाबतीत सगळ्यात सरळ वाटतं. इंजिनं दोन, दोन्ही बाजूंना, मग नाक मोकळंच की. चार पॉइंट फिफ्टी आणि एक वीस मिलिमीटर, सगळ्या एका जुडीत नाकात, गोळ्या समांतर जाणार, २५० यार्ड असो नाहीतर ६००, अंतराचं गणितच नको. फक्त त्यासाठी दोन इंजिनांचं मोठं महाग विमान पाहिजे. त्यांच्याच पी-३९ मध्ये तर ३७ मिलिमीटरची तोफ नाकात बसवण्यासाठी इंजिन उचलून पायलटच्या पाठीमागे नेलं आणि प्रोपेलरचा लांब दांडा त्याच्या सीटखालून पुढे काढला. तोफेला जागा द्यायची म्हणून इंजिन हलवणारं दुसरं विमान चटकन आठवत नाही. अमेरिकनांना ते फारसं आवडलं नाही, रशियनांनी मात्र डोक्यावर घेतलं.

आता जमिनीवर मारा करणारी विमानं. इथे धक्का हा खरा शत्रू. टँक फोडायचा तर मोठी गोळी पाहिजे, मोठ्या गोळीचा धक्का मोठा, आणि विमान काही जमिनीत पुरलेलं नसतं. ब्रिटिशांनी हरिकेनच्याच पंखाखाली ४० मिलिमीटरच्या दोन तोफा लावल्या, हेच ते हरिकेन टू-डी. प्रत्येक तोफेला फक्त १५ गोळ्या. आठ मशीनगनपैकी दोनच ठेवल्या, त्याही नेम बघायला, आधी मशीनगनची धार टँकवर पडतेय का बघायचं आणि पडली की तोफ दाबायची. तोफ उडाली की धक्क्याने नाक खाली जायचं, ते परत उचलून नेम धरायचा, मग पुढची गोळी. म्हणजे जमिनीला घासून येताना एका झेपेत मोजून चार-पाच गोळ्या. १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत सहा नंबर स्क्वाड्रनने हे केलं, त्यांना लोक उडते कॅन-ओपनर म्हणायचे.

आणि हेच विमान आपल्या बाजूलाही आलं होतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २० नंबर स्क्वाड्रन आरएएफची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची, पण वर्षानुवर्षं हिंदुस्थानात असलेली, त्यांनी १९४३ पासून टू-डी घेऊन ब्रह्मदेशात, आधी आराकानच्या किनाऱ्याकडे आणि नंतर आतल्या भागात, लढाई केली. तिथल्या जंगलात टँक क्वचितच, त्यामुळे रोजचं काम म्हणजे नद्यांमधल्या होड्या, सांपान, बंकर, पूल. फेब्रुवारी १९४५ मध्ये इरावतीच्या काठी मात्र जपानी टँक सापडले, झाडपाल्याने झाकलेले, आणि एका दिवसात डझनाच्या आसपास फोडले. जाड पंखाचं, तोवर जुनाट झालेलं हरिकेन इथे कामाला आलं, कारण तो पंख एवढा भार आणि एवढा धक्का सहन करू शकत होता. पालमला त्या पंखाखाली वाकलो होतो तेव्हा डोक्यात हेच होतं.

रशियनांनी इल्युशिन-२ या विमानाच्या पंखात ३७ मिलिमीटरच्या दोन तोफा घालून बघितल्या. दोन तोफा एकाच क्षणी उडत नाहीत, थोडं मागेपुढे होतंच, त्यामुळे नाक डावीकडे-उजवीकडे डोलायचं आणि दोन-तीन गोळ्यांच्या पुढे मारण्यात अर्थच उरायचा नाही. साडेतीन हजारांच्या आसपास बनवली आणि मग बंद केली, त्यापेक्षा छोट्या २३ मिलिमीटरच्या तोफा आणि टँकवर ओतायचे छोटे बॉम्ब जास्त उपयोगी पडले. ब्रिटिशांचं ब्युफायटर विमान मात्र जमलेलं, चार हिस्पानो पोटात कॉकपिटच्या खाली, धक्का मधोमध. सुरुवातीच्या ब्युफायटरमध्ये मागे बसलेला रडारवाला अंधारात, वळणाऱ्या विमानात, हाताने ६० गोळ्यांचे जड डबे बदलायचा. आणि पंखात सहा मशीनगन, त्या उजवीकडे चार आणि डावीकडे दोन, कारण डावीकडे लँडिंग लाइट होता.

जेट आलं आणि प्रोपेलर गेला, म्हणजे बंदूक नाकात ठेवायचा प्रश्न सुटला असं वाटेल. आपल्याकडेही असलेल्या हंटर या ब्रिटिश जेटला तीस मिलिमीटरच्या चार एडन तोफा कॉकपिटच्या खाली एकाच पेटाऱ्यात. पेटारा गोळ्यांसकट खाली उतरवायचा, भरलेला दुसरा वर चढवायचा, नळ्या विमानातच राहतात, काही मिनिटांत विमान परत तयार. ५ डिसेंबर १९७१ ला लोंगेवालाला जैसलमेरहून दिवसभर फेऱ्या मारणारी हंटर हीच. पण सुरुवातीच्या ब्रिटिश हंटरमध्ये उंचावर तोफा मारल्या की धूर इंजिनात जाऊन इंजिन गचके खायचं, आणि नाक खाली दबायचं म्हणून नळ्यांच्या तोंडावर धक्का वळवणारे तुकडे बसवावे लागले. गोळ्यांच्या पट्ट्याच्या कड्या बाहेर फेकल्या तर विमानालाच लागायच्या, म्हणून नाकाखाली दोन फुगवटे करून त्यात गोळा केल्या. आपल्या हवाई दलाच्या छोट्या नॅट विमानात त्याच एडन, दोनच, हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या कडेला. इवलंसं विमान, सगळं दाटीवाटीने बसवलेलं, आणि तोफ अडकल्याच्या गोष्टी १९६५ च्याही आहेत आणि ७१ च्याही. २२ नोव्हेंबर १९७१ ला बोयराच्या हवाई लढाईत नॅटचे वैमानिक मॅसी यांची एक तोफ मारता मारता थांबली, दुसरीने काम झालं. दोन तोफा मधल्या रेषेजवळ असल्याचा तिथे फायदाच झाला असणार, पंखात टोकाला असत्या तर एकटीने विमान तिरकं केलं असतं.

संध्याकाळी एअरपोर्टवर बसून बाबांना फोन लावला. बाबा ओझरला होते, नोकरीची सगळी वर्षं मिगच्या कारखान्यात, आमच्या गावाकडच्या एसटीवरही पाटी ओझर मिग अशीच असायची. त्यांना सांगितलं, बाबा, आज दिवसभर बंदुका बघितल्या. ते म्हणाले, "आमच्या एफएलला कुठे होती बंदूक." खरंच होतं ते. मिग-२१ एफएल, नाशिकला सुरुवातीला जे बनलं ते, त्यात आत तोफच नव्हती. तेव्हा सगळ्या जगाला वाटत होतं की आता क्षेपणास्त्रं आली, बंदुकीचे दिवस संपले. अमेरिकनांनीही फँटम फायटर असंच बनवलं आणि व्हिएतनाममध्ये पस्तावले. आपल्याला १९६५ मध्ये हे जाणवलं आणि मग एफएलच्या पोटाखाली तोफेचा पॉड, म्हणजे बाहेरून टांगायचा डबा, लावला, आत जीएसएच-२३ तोफ, दोन नळ्यांची, एका नळीच्या धक्क्यावर दुसरी भरते अशी रचना, मिनिटाला तीन हजारांच्या वर गोळ्या, आणि पॉडमध्ये गोळ्या २००. म्हणजे चार सेकंदांत खेळ संपला. जागा मात्र उत्तम, बरोबर मधोमध, धक्का सरळ मागे.

१२ डिसेंबर १९७१ ला फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानी स्टारफायटर विमान पाडलं ते याच पॉडने. मी बाबांना हे उत्साहाने सांगत होतो. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण पॉड लावला की इंधनाची मधली टाकी निघते रे. तिथे एकच जागा, टाकी लावा नाहीतर तोफ लावा."

मी विचारलं, मग लांब कसं जायचे?

"नाही जायचे. सोनी जामनगरहून उडाले होते ना, आखात तिथून जवळ. म्हणून जमलं."